बीएस्सी केमिस्ट्री झाली, आता पुढे? ठाणे-नवी मुंबईतल्या मुलामुलींसाठी पायरी-पायरीने

जूनमध्ये निकाल लागले की आमच्या कळव्याच्या सोसायटीत कुणी ना कुणी पेढे घेऊन येतं, आणि पेढ्यांबरोबर तोच प्रश्न. ‘ताई, केमिस्ट्रीतून बीएस्सी झाली. एमएस्सी करू की नोकरी बघू?’ मी रबाळे-महापे पट्ट्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये वीस वर्षं काढली आहेत. फ्रेशर केमिस्ट म्हणून लागले, आता नव्या मुलांच्या मुलाखती घेते. या प्रश्नावर मी उलट विचारते, ‘दोन वर्षांनी तुझी सही कुठल्या कागदावर असावी असं तुला वाटतं?’

मुलं गोंधळतात, पण प्रश्न साधा आहे. आपल्या धंद्यात प्रत्येक कामाचा कागद असतो. क्यूसीत (क्वालिटी कंट्रोलमध्ये) ॲनालिसिसचा रिपोर्ट, उत्पादनात बॅच शीट, ईटीपीत (सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) रोजचं लॉगबुक. त्या कागदावर काम करणाऱ्याची सही असते आणि पुढची नोकरी त्या सहीवर मिळते. कंपनी किती मोठी, ऑफिस किती चकाचक, हे दोन वर्षांनी कुणी विचारत नाही. तुम्ही स्वतः काय केलंत ते विचारतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे डोक्यात ठेवून वाचा.

पायरी 1 : हाताला काय येतं ते तपासा

निकालानंतर बहुतेक जण आधी बायोडाटा लिहायला बसतात. त्याआधी कॉलेजचं जर्नल काढा. त्यातले कोणते प्रयोग आज, कुणाला न विचारता, परत करता येतील त्यांच्यावर खूण करा. ही यादी छोटी निघाली तरी चालेल, खरी हवी.

मुलाखतीत मी हमखास विचारते, 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड एक लिटर कसं करशील? ‘चार ग्रॅम घेऊन’ हे उत्तर जवळजवळ सगळ्यांना येतं. मग विचारते, चार ग्रॅम अगदी अचूक तोलले की झालं ना? इथे बरेच जण ‘हो’ म्हणतात. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे वजनावर विसंबता येत नाही. द्रावण पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट घेऊन स्टँडर्डाइज करावं लागतं, म्हणजे त्याची खरी ताकद मोजून ठरवावी लागते. त्याचा रेणुभार 204.22, म्हणून 0.1 नॉर्मलच्या प्रत्येक मिलीमागे 20.42 मिलिग्रॅम. हे ज्याला सांगता येतं, त्याने कॉलेजात ब्युरेट स्वतः हाताळलं होतं, शेजारच्याचं रीडिंग उतरवलं नव्हतं, हे कळतं.

एका मुलाने बायोडाटात डझनभर यंत्रांची नावं लिहिली होती, एचपीएलसीपासून (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनपर्यंत. सी-18 कॉलममधला 18 कशाचा, हे विचारल्यावर तो गप्प झाला. त्याच दिवशी एक मुलगी आली होती. म्हणाली, ‘मॅडम, आमच्याकडे एचपीएलसी नव्हतं. पण टायट्रेशन मला नीट येतं.’ तिला लॅबमध्ये नेलं. तिने ब्युरेट आधी त्याच द्रावणाने दोनदा विसळलं, खालच्या टोकातला हवेचा बुडबुडा काढला, फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवली. शेवटाला थेंब-थेंब सोडताना फ्लास्कच्या कडा डिस्टिल्ड पाण्याने धुऊन घेतल्या आणि फिकट गुलाबी रंग आल्यावर तीस सेकंद टिकतो का ते बघत थांबली. तिला घेतलं. एचपीएलसी शिकवता येतं. तीस सेकंद थांबायची सवय लावायला फार वेळ जातो.

पायरी 2 : आपला पट्टा ओळखा

पुण्या-हैदराबादच्या जाहिरातींना भुलण्याआधी घराजवळ काय आहे ते पाहा. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची टीटीसी औद्योगिक वसाहत दिघ्यापासून रबाळे, महापे, पावणे, तुर्भे करत नेरुळपर्यंत पसरलेली आहे. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावरून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडली की यातलं प्रत्येक ठिकाण तासाच्या आत येतं. एमआयडीसी बहुतेक ठिकाणी रुळांच्या पूर्वेला आहे, वॉक-इनला, म्हणजे थेट मुलाखतीला, जाताना चुकून पश्चिमेला उतरून वसाहतीत फिरत बसू नका. पलीकडे पनवेलच्या बाजूला तळोजा, त्यापुढे पाताळगंगा आणि रसायनी. मध्य रेल्वेवर डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये कारखाने आता कमी राहिलेत.

प्रत्येक भागाचा पोत वेगळा आहे. तळोज्यात मोठे प्लांट आहेत. दीपक फर्टिलायझर्स तिथलंच, आणि शाम्पू-साबणाला लागणारे सर्फॅक्टंट बनवणारी गॅलेक्सीही. टीटीसीत उत्पादनाबरोबर संशोधन केंद्रं आणि तपासणी प्रयोगशाळा भरपूर. बीएएसएफचं संशोधन केंद्र नवी मुंबईत आहे, एशियन पेंट्सचंही. डोंबिवली-अंबरनाथकडे रंगद्रव्यं, इंटरमीडिएट्स आणि औषधी कच्चा माल बनवणारे लहान-मध्यम कारखाने जास्त. तिथे पगार बेताचा असतो, पण एकाच माणसाला सगळी कामं पडत असल्यामुळे शिकायला खूप मिळतं.

पायरी 3 : विभाग निवडा

क्यूसी, म्हणजे क्वालिटी कंट्रोल, हे बहुतेकांचं पहिलं दार. स्टोअरमधून कच्च्या मालाचं सॅम्पल येतं, त्याला नोंदीचा एआर नंबर पडतो, मग वर्णन, विद्राव्यता, पीएच, कार्ल फिशरवर पाण्याचं प्रमाण, शेवटी एचपीएलसी किंवा जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) शुद्धता. एचपीएलसीवर सकाळ कशी जाते ते सांगते. मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण) 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, सॉनिकेटरवर हवा काढून लावायचा. बेसलाइन सरळ होईपर्यंत थांबायचं. स्टँडर्डची (शुद्धता माहीत असलेल्या नमुन्याची) पाच किंवा सहा इंजेक्शनं मारायची आणि पीकच्या क्षेत्रफळांचा आरएसडी (आकड्यांमधला सापेक्ष फरक) बहुतेक पद्धतींमध्ये दोन टक्क्यांच्या आत बसायला हवा. तो बसत नाही तोपर्यंत सॅम्पल लावायचं नाही. बसला नाही तर पंपात हवा आहे का, गळती आहे का, सीलचं काय झालं, हे शोधायचं. हे शोधणं ज्याला आवडतं त्याने क्यूसीत यावं. ज्याला दिवसभर एका खोलीत कंटाळा येतो त्याने मन मारून येऊ नये, सहा महिन्यांत चेहऱ्यावर दिसतं.

उत्पादन हा दुसरा रस्ता. ग्लास-लाइन्ड रिॲक्टर, सेंट्रिफ्यूज, ड्रायर, आणि तीन पाळ्या. इथे घाम आहे, रात्रपाळी आहे, पण रसायनशास्त्र खरंखुरं घडताना दिसतं ते इथेच. पाचशे मिलीच्या फ्लास्कमध्ये बर्फाने थंड होणारी क्रिया पाच हजार लिटरमध्ये तशी थंड होत नाही, हे पुस्तकातून कळत नाही. आकारमान वाढतं त्या प्रमाणात उष्णता बाहेर जायला पृष्ठभाग वाढत नाही, म्हणून रिॲक्टरमध्ये भर घालण्याचा वेग पाळावाच लागतो. औषधनिर्मितीत आणखी एक फायदा आहे. औषध नियम, 1945 नुसार उत्पादनावर देखरेख करणारा तांत्रिक माणूस मान्यताप्राप्त लागतो, आणि रसायनशास्त्र मुख्य विषय असलेल्या विज्ञान पदवीधराला औषध उत्पादनाचा तीन वर्षांचा अनुभव झाला की त्यासाठी पात्र ठरता येतं. आमच्याकडे याला नुसतं ‘एफडीए अप्रूव्हल’ म्हणतात. बायोडाटात ती एक ओळ आली की माणसाची किंमत बदलते. क्यूसीतही अशी मान्यता असते. म्हणून रुजू होतानाच विचारून ठेवा, इथे केमिस्टची नावं मान्यतेसाठी पाठवतात का?

मुली उत्पादनात कमी दिसतात, आणि हे मला मनापासून खटकतं. क्यूसीत आलेल्या कितीतरी मुलींचा कल खरं तर प्लांटकडे होता. पाळ्या, बस, चेंजिंग रूम यांची नीट चौकशी करा आणि सोय असेल तर जा.

सुरक्षेबद्दल स्पष्टच लिहिते. डोंबिवली एमआयडीसीत मे 2016 आणि मे 2024 मध्ये झालेले स्फोट आपल्यापैकी अनेकांनी घरात बसून ऐकलेत, खिडक्यांच्या काचा फुटलेल्या पाहिल्यात. मुलाखतीला गेल्यावर प्लांट दाखवा म्हणा. आयवॉश आणि सेफ्टी शॉवर कुठे आहे, त्याला पाणी येतं का, ड्रमवर लेबलं आहेत का, लोक गॉगल घालून फिरतात की गॉगल खुंटीला टांगलेले आहेत, हे पाच मिनिटांत दिसतं. नको वाटलं तर नको म्हणा, घरच्यांनीही त्यावरून बोलू नये.

ईटीपी म्हटलं की मुलं नाक मुरडतात, आणि इथेच चुकतात. सांडपाणी प्रक्रिया न करता कारखाना चालवता येत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातल्या मर्यादा रोज पाळाव्या लागतात. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मानक पीएच 5.5 ते 9, सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) लिटरला 250 मिलिग्रॅम आणि बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी) 30 असं आहे. सामूहिक प्रक्रिया केंद्रात पाणी जाणार असेल तर आकडे वेगळे असतात. डायक्रोमेट घालून दोन तास उकळून सीओडी काढता येणारा आणि 27 अंशांवर तीन दिवस ठेवून बीओडी काढता येणारा माणूस तळोजा-टीटीसीत सगळ्यांना हवा असतो. शिवाय पर्यावरणाची कागदपत्रं शिकलात की पुढे ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) विभागात जाता येतं.

बाहेरच्या तपासणी प्रयोगशाळा, म्हणजे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या, पाणी, अन्न, धातू, औषधं सगळं तपासतात. दिवसाला सॅम्पलं भरपूर, दमायला होतं, पण हात बसतो. आर अँड डीत मात्र बहुतेकदा ऑरगॅनिकमधली एमएस्सी लागते. बीएस्सीवर तिथे जायचं तर रंग, कॉस्मेटिक्स, सर्फॅक्टंट यांच्या फॉर्म्युलेशन लॅबमध्ये पाहा. रसायनांची विक्री आणि तांत्रिक सेवा हाही रस्ता आहे. बोलायला आवडत असेल आणि गाडी चालवता येत असेल तर त्यात पैसा लवकर दिसतो.

क्यूए (क्वालिटी ॲशुरन्स, म्हणजे कामाचे कागद तपासणारा विभाग) आणि रेग्युलेटरी (सरकारी परवानग्यांचे कागद बघणारा विभाग) यांबद्दल एकच सांगते. पदवीनंतर लगेच डिप्लोमा करून थेट तिथे शिरायची घाई करू नका. ज्याने कधी बॅच पाहिली नाही, पीक इंटिग्रेट केला नाही, त्याने दुसऱ्याच्या कागदात चूक काय शोधायची? दोन वर्षं क्यूसी किंवा प्लांट, मग जा.

पायरी 4 : एमएस्सीचं ठरवा

एमएस्सी करायची तर कारण ठरवून करा. ‘नोकरी मिळत नाही म्हणून’ हे कारण नाही, दोन वर्षांनी तोच प्रश्न वय वाढवून समोर येतो. संशोधनात जायचंय, सिंथेसिस आवडतं, तर ऑरगॅनिक. यंत्रांवर राहायचंय तर ॲनालिटिकल. कॉलेजात शिकवायचंय तर कुठलीही शाखा, पण साधारणपणे नेट किंवा सेट पास व्हावी लागते. आयआयटीत जायचं तर जॅम ही परीक्षा आहे, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी. मुंबई विद्यापीठात कलिना आहेच, शिवाय ठाणे, कल्याण, वाशी, पनवेलच्या कॉलेजांतही एमएस्सी चालते. घरची गरज असेल तर वर्ष-दोन वर्षं नोकरी करून मग एमएस्सीला जाणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना वर्गात प्रत्येक गोष्ट कशासाठी शिकतोय हे माहीत असतं.

पायरी 5 : सरकारी जागा, आणि त्यातले दोन गैरसमज

पहिला गैरसमज : ‘बीएस्सी केमिस्ट्रीवर ड्रग इन्स्पेक्टर होता येतं.’ होता येत नाही, त्याला फार्मसीची किंवा विशिष्ट विषयांतली वैद्यकीय पदवी लागते. दुसरा : अन्न सुरक्षा अधिकारी. तिथे केमिस्ट्रीची पदव्युत्तर पदवी चालते, नुसती बीएस्सी केमिस्ट्री नाही. क्लासला हजारो रुपये भरून झाल्यावर हे कळलेली मुलं मला भेटली आहेत. फी भरण्याआधी भरतीची मूळ जाहिरात उघडून पात्रतेचा परिच्छेद स्वतः वाचा.

बीएस्सीवर खरंच उघडे असलेले रस्तेही आहेत. तुर्भ्याहून फार लांब नसलेल्या ट्रॉम्ब्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात स्टायपेंडरी ट्रेनी म्हणून बीएस्सी केमिस्ट्रीला घेतात, 60 टक्के गुणांची अट असते. एमएस्सीवाल्यांसाठी तिथेच प्रशिक्षण शाळेचा वेगळा रस्ता आहे. चेंबूरची खत कंपनी आरसीएफ आणि इतर सार्वजनिक कंपन्या ऑपरेटर ट्रेनी घेतात, आणि इथे एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते : त्यांना बीएस्सीबरोबर बऱ्याचदा ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’, म्हणजे एओसीपीची शिकाऊ उमेदवारी पूर्ण केल्याचं राष्ट्रीय प्रमाणपत्र लागतं. पदवी हातात आल्या आल्या ही अप्रेंटिसशिप केली तर पुढे दार उघडं राहतं. वयाची मर्यादा असते, त्यामुळे हे नंतर बघू म्हणून टाळू नका.

शाळेत शिकवायची ओढ असेल तर दोन वर्षांचं बीएड, मग टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी). कनिष्ठ महाविद्यालयाला एमएस्सी आणि बीएड दोन्ही.

पायरी 6 : अर्ज आणि वॉक-इन

बायोडाटा एका पानाचा. पहिल्या पायरीत खुणा केलेले प्रयोग त्यात लिहा, प्रत्येकापुढे स्वतः केलेला की पाहिलेला हेही. ‘पाहिलेला’ लिहायची लाज वाटू देऊ नका, आम्हाला ते आवडतं. सोबत गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, फोटो, आधारची प्रत, कॅल्क्युलेटर आणि निळं पेन. कॅल्क्युलेटर मुद्दाम सांगते, कारण सांद्र हायड्रोक्लोरिक ॲसिडपासून 0.1 नॉर्मल एक लिटर करायला किती मिली, असं लेखी विचारतात. (साधारण 8.5. आणि ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडात नाही, हेही लिहा.) पीएच मीटर कुठल्या बफरवर लावतात, बीअर-लॅम्बर्टचा नियम कुठे मोडतो, ॲक्युरसी आणि प्रिसिजन यांत फरक काय, एवढं पक्कं असलं तरी फ्रेशर म्हणून निभावतं.

नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याकडे पाठ फिरवा. कंपन्या फ्रेशरकडून पैसे घेत नाहीत.

पायरी 7 : ऑफर हातात आल्यावर

इथे माझं स्वतःचं सांगते. माझी पहिली नोकरी याच पट्ट्यातल्या एका लहान कंपनीत होती. ‘क्यूसी केमिस्ट’ म्हणून बोलावलं, पण पगार कॉन्ट्रॅक्टरकडून यायचा. मी ऑफर लेटर मागितलं नाही, वडील म्हणाले एवढं लावून धरू नकोस. चौदा महिने रोज टायट्रेशनं केली, मॉइश्चर काढले, रिपोर्ट लिहिले. रिपोर्टवर सही सिनियरची व्हायची, मला वाटायचं, नवीन आहे म्हणून असेल. सोडताना कॉन्ट्रॅक्टरने पत्र दिलं त्यावर पद लिहिलं होतं ‘हेल्पर’. पीएफ भरलाच नव्हता. पुढच्या मुलाखतीत त्या चौदा महिन्यांचा मला एकही पुरावा देता आला नाही, आणि मी परत फ्रेशर म्हणून लागले.

म्हणून रुजू होण्याआधी हे विचारा. पेरोल कुणाचा, कंपनीचा की कॉन्ट्रॅक्टरचा? पद काय लिहिणार? ॲनालिसिसवर सही माझी होणार का? वर्षाचा आकडा सांगितला तर महिन्याला हातात किती पडतील ते लिहून घ्या. पीएफ मूळ पगाराच्या 12 टक्के तुमच्याकडून कापतात, मालकालाही वाटा भरावा लागतो. पीएफ खात्याचा यूएएन नंबर मागा आणि मोबाइलवर पासबुक उघडून दर महिन्याला जमा होतंय का पाहा. ती नोंद तुमच्या अनुभवाचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. पगार 21,000 च्या आत असेल तर ईएसआयसीचं कार्डही मिळायला हवं. मूळ गुणपत्रिका कुणाकडे ठेवू नका. कॉन्ट्रॅक्टवर काम करणं वाईट आहे असं मी म्हणत नाही, अनेकांची सुरुवात तिथूनच होते, फक्त कागद नीट हवा.

पायरी 8 : पहिली दोन वर्षं

पहिल्या सहा महिन्यांत ओले प्रयोग, म्हणजे टायट्रेशनसारखी हाताने करायची कामं, पक्के करा. मग जीसी-एचपीएलसीवर बसायची मागणी करा, तोंडाने मागा, आपोआप कुणी बसवत नाही. कॅलिब्रेशन, मग व्हॅलिडेशन. दुसऱ्या वर्षी एखाद्या ओओएसच्या (आउट ऑफ स्पेसिफिकेशन) तपासात सामील व्हा. निकाल मर्यादेबाहेर का गेला हे शोधताना जेवढं शिकायला होतं तेवढं कुठल्याच कोर्सात होत नाही. आपण शिकलेल्या गोष्टी घरी वहीत लिहा, पण कंपनीच्या पद्धती आणि आकडे बाहेर नेऊ नका.

आणि सही. न केलेल्या कामावर सही करायची नाही, मागच्या तारखेची तर मुळीच नाही, साहेब घाईत असले तरी. आता सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल असतं, कुणी किती वाजता इंजेक्शन मारलं ते सगळं दिसतं. नवीन केमिस्टला मी पहिल्याच दिवशी सांगते, चूक झाली तर एक रेघ मार, शेजारी बरोबर आकडा लिही, सही-तारीख टाक आणि मला येऊन सांग. खोडून काढलेल्या आकड्यामुळे ऑडिटमध्ये अख्ख्या लॅबवर संशय येतो.

नोकरी बदलायची वेळ आली तर नोटीस पूर्ण करा. अनुभवपत्र आणि कार्यमुक्तीचं पत्र दोन्ही घ्या, पीएफमध्ये सोडल्याची तारीख टाकायला सांगा. पत्रावर पद, विभाग आणि तारखा बरोबर आहेत ना, हे गेटबाहेर पडण्याआधी तिथेच उभं राहून वाचा.